निवलेले खत



व्याख्यानाची पत्रिका छापायला टाकायची म्हणून संयोजकांनी मला फोन करून विषय विचारला. मी म्हणालो, "शेणखत." पलीकडे क्षणभर शांतता. मग ते आदबीने म्हणाले, "सर, पत्रिकेवर तो एकच शब्द बरा दिसेल का?" मी म्हटले, "बरं, मग 'निवलेले खत' छापा." त्यात त्यांना काहीतरी काव्य दिसले असावे. लगेच होकार मिळाला. काव्य वगैरे काही नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. तो माझ्या आईचा शब्द आहे आणि तिने तो माझ्यावर रागावताना वापरला होता.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मात्र मूळचा विषयही चालला असता. शाळेच्या मागच्या खड्ड्यात ते पोरांकडून पालापाचोळा आणि शेण टाकून घेत. त्याच खड्ड्याच्या काठावर मग घनफळाचा तास होई. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. दिवाळीनंतर पुन्हा मापे घेतली की खड्डा निम्मा बसलेला असे. "गेलं कुठं निम्मं?" असे गुरुजी विचारत. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला आयुष्य लागले. आजचे व्याख्यान म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजा.

मराठीत 'खत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक कागदावरचा, म्हणजे खरेदीखत, गहाणखत. हा अरबी-फारसीतून आला. दुसरा शेतातला, शेणखत आणि लेंडीखत. पहिल्या खताने जमीन नावावर होते, दुसऱ्याने ती पिकते. पहिले आपण लोखंडी पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. दुसरे गोठ्यामागे उन्हापावसात पडून असते. या दोन खतांकडे मी शेवटी परत येईन.

आधी माझी चूक सांगतो. मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. जुन्नर तालुक्यात आमची विहिरीवरची अडीच एकर बागायत. उन्हाळी टोमॅटो लावला होता. शेणखतात नत्र अर्धा टक्का आणि कोंबडीखतात तीन टक्के, हा तक्ता परीक्षेसाठी पाठ केलेला. मनात म्हटले, एवढी ट्रॉलीभर माती-शेण वाहण्यापेक्षा सहापट जोराचे खत आणू. एका शेडवरून ताजे कोंबडीखत आणले आणि रोपांच्या बुडाशी ओंजळ ओंजळ टाकून पाणी दिले. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आठवड्यात सरीच्या सरी माना टाकून बसल्या. वडील काही बोलले नाहीत. आई सरीत उभी राहून म्हणाली, "भाकर तरी निवल्याशिवाय खातोस का? मग मुळांना घास असा तव्यावरनं काढून का घातलास?"

नंतर पुस्तकात शोधले, तर आईचे बोलणे रसायनशास्त्राच्या भाषेत लिहिलेले सापडले. कोंबडीच्या विष्ठेत नत्र बराचसा युरिक आम्लाच्या रूपात असतो. ओल मिळताच त्याचा अमोनिया होतो. शिवाय क्षार भरपूर. कोवळ्या मुळांजवळ अमोनिया आणि क्षार एकदम वाढले की मूळ पाणी ओढायचे सोडून उलट होरपळते. शेतकरी 'हे खत गरम आहे' म्हणतो त्याचा अर्थ एवढाच. खत निवते म्हणजे हा अमोनिया काही उडून जातो, काही सूक्ष्मजीवांच्या अंगात मुरतो आणि मग सावकाश पिकाला मिळतो.

तर मुद्दा असा. शेण हा कच्चा माल आहे आणि खत हे पक्के. दोन्हींच्या मध्ये चार-सहा महिने आणि कुणाची तरी निगराणी असते. भाजीपाल्याची शेती घाईची झाली, तसे आपण हे मधले महिने गाळत गेलो. सेंद्रिय शेतीवर एवढी भाषणे होतात, पण या गाळलेल्या महिन्यांचा हिशेब कुणी मांडत नाही. आज तो मांडू.

हिशेब आकड्यांपासून सुरू करू. टोमॅटो, वांगी, मिरची, कांदा या पिकांना हेक्टरी २० टनांच्या आसपास चांगले कुजलेले शेणखत द्या, अशी शिफारस आपल्याकडे सरसकट केली जाते. २० टनांत अर्धा टक्का धरला तर नत्र निघतो १०० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतो. म्हणजे ४५ किलोच्या पाच गोण्या खांद्यावरून नेल्या की तोच हिशेब पुरा. त्यातून शेणखतातला नत्र पहिल्या हंगामात पिकाला मिळतो फार तर तिसरा हिस्सा. मग शहाणा माणूस २० टन ओझे का वाहील?

हा प्रश्न वर्गात विचारला की मुले 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' म्हणून मोकळी होतात. ते खरे आहे, पण थोडे. शेणखत गोणीतल्या खताच्या तराजूत तोलायचेच नसते. युरिया पिकाला खाऊ घालतो. शेणखत जमिनीतल्या जिवांना खाऊ घालते आणि ते पिकाला सांभाळतात. भारी काळी जमीन त्याने भुसभुशीत होते, हलकी मुरमाड जमीन ओल धरू लागते. वाफ्यात पाणी सोडल्यावर वर पापुद्रा धरत नाही, म्हणून गाजराचे, मेथीचे बी सहज वर येते. मिरचीच्या रोपाला दोन पाण्यांमधला ताण कमी बसतो. या गोष्टी गोणीवर छापता येत नाहीत, म्हणून त्यांची किंमतही लागत नाही.

आणि हे काम किती दिवस टिकते? इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी १८४३ साली शेतावरचे प्रयोग सुरू केले, ते आजही चालू आहेत. तिथल्या हूसफील्ड नावाच्या शेतात १८५२ पासून बार्लीवर प्रयोग आहे. त्यातल्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत दिले आणि मग कायमचे बंद केले. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही त्या तुकड्यातल्या मातीत सेंद्रिय पदार्थ शेजारच्या कधीच खत न दिलेल्या तुकड्यापेक्षा जास्त होता. ज्याने ते शेण पसरले त्याचा पणतूही म्हातारा झाला असेल, पण माती अजून त्याचे देणे मानते. आपल्याकडेही १९७० पासून देशभर अनेक केंद्रांवर दीर्घ मुदतीचे खत-प्रयोग चालू आहेत. त्यांचा सांगावा थोडक्यात असा, की नुसत्या नत्रावर जमीन ढासळत जाते आणि शिफारशीच्या रासायनिक खतांना शेणखताची जोड मिळाली की उत्पादन वर्षानुवर्षे टिकते. दोन्ही खतांची भांडणे व्यासपीठावर होतात. शेतात ती एकमेकांना धरून राहतात.

आता गुरुजींचा प्रश्न घेऊ. खड्ड्यातले निम्मे गेले कुठे?

ते जळाले. दिसत नाही एवढेच. ढिगात कोट्यवधी जिवाणू काडीकचऱ्यातला कर्ब जाळतात, त्याचा वायू हवेत जातो आणि उष्णता ढिगात कोंडते. ढीग नीट रचला असेल तर तो ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापतो. लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा, हातात धरवणार नाही. या तापात तणाचे बी मरते, रोगजंतू मरतात, किडींची अंडी मरतात. कर्बाचा चारा संपत आला की ढीग आपोआप थंड होतो, म्हणजेच निवतो. तेव्हा त्याला शेणाचा वास येत नाही. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येतो.

हे घडायला तीन गोष्टींचा मेळ लागतो. एक, कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असावे. गव्हाच्या काडात हे प्रमाण ८० च्या वर असते, शेणात वीस-पंचवीस. म्हणून नुसते काड कुजत नाही आणि नुसते शेण गच्च होऊन त्याला घाण सुटते. दोन, ओल निम्म्याच्या किंचित वर असावी. मुठीत दाबले तर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. तीन, हवा. उकिरड्यावर रोज टोपली टोपली शेण फेकून जो ढीग होतो, त्यात खाली हवा जात नाही आणि वर ओल राहत नाही. वरचे वाळते, मधले सडते, तळचे कधी तरी खत होते. पावसाळ्यात त्यातून तपकिरी पाणी वाहते, ते म्हणजे विरघळलेला नत्र आणि पालाश. आपण खताचा अर्क ओढ्याला सोडतो आणि चोथा शेतात नेतो.

हा मेळ कसा बसवायचा, याचा धडा जगाला दिला तो इंदूरने. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात होळकर संस्थानातल्या इंदूरच्या संस्थेत होते. हिंदी शेतकरी आणि पिकांवरच्या किडी यांना ते आपले गुरू मानत. चीन-जपानमधली जुनी खतांची रीतही त्यांनी वाचली होती. गोठ्यातला पालापाचोळा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ठरावीक अंतराने वरखाली करायचे आणि तीन महिन्यांत खत काढायचे, ही इंदूर पद्धत. १९३१ साली त्यावर पुस्तक निघाले, तेव्हा लेखक म्हणून हॉवर्ड यांच्या जोडीला दुसरे नाव होते यशवंत वाड. सेंद्रिय शेतीच्या जगभरच्या इतिहासात हॉवर्ड यांचे नाव मोठ्या अक्षरात येते. वाड यांचे नाव तळटिपेत शोधावे लागते. या सभागृहात तरी ते मोठ्याने घेऊ.

त्यातही मूत्र मुरलेली माती ही मोठी शहाणपणाची गोष्ट. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकी जवळपास निम्मा मूत्रातून जातो आणि पालाश तर मुख्यतः मूत्रातूनच. आपण शेण उचलतो आणि मूत्र गटाराला लावतो. म्हणजे निम्मी कमाई वेशीबाहेरच संपली. गोठ्यात जनावरांखाली उसाचे पाचट, गव्हाचे काड, वाळलेला पाला अंथरला आणि भिजल्यावर ढिगात टाकला, तर काही खर्च न करता खताचा कस वाढतो. पूर्वी मातीच्या गोठ्यात दरवर्षी वरची माती खणून शेतात नेत आणि नवी माती भरत. फरशी आली आणि ही रीत गेली.

पुढे विदर्भात पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी वेगळी वाट काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके, भिंतीत हवेसाठी जागोजाग भोके. त्यात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, पावणेदोन टन चाळलेली माती आणि शेण किती? ९० ते १०० किलो. वर शेणमातीने लिंपायचे, ओल राखायची, वरखाली करण्याचे कष्ट नाहीत. तीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत. ज्या गावात जनावरे कमी आणि तुरीच्या, कपाशीच्या फांद्या, पाला ढीगभर, तिथे थोड्या शेणाला विरजणासारखे वापरायची ही युक्ती होती. विरजण किती लागते हे दही लावणाऱ्या घरात कुणाला सांगावे लागत नाही. त्यासाठी किती वेळ थांबावे लागते, हेही.

काही जण म्हणतील, "सर, धनगराच्या मेंढ्या शेतात बसवतात तेव्हा कुठे असतो खड्डा?" प्रश्न बरोबर आहे. दिवाळीनंतर मेंढरांचे कळप चाऱ्याच्या वाटेने निघतात. मोकळ्या रानात वाघर लावून रात्री मेंढ्या बसवतात. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो किंवा रोख. लेंडी आणि मूत्र जिथल्या तिथे पडते, वाहतूक नाही, गळती नाही. पण नीट पाहा, हे केव्हा होते? पीक निघाल्यावर, रान मोकळे असताना. मग नांगरट होते, ऊन लागते, वळवाचा पाऊस पडतो आणि पेरणी-लागवड मृगात. म्हणजे मधले महिने इथेही आहेत. ते खड्ड्यात काढायचे त्याऐवजी जमिनीत काढले, इतकेच. धनगराला आणि शेतकऱ्याला हे कुठल्या विद्यापीठाने शिकवले नाही. वर्षाच्या फेऱ्यातच ते बसवलेले होते.

हा फेरा मोडला तो बारमाही पाण्याने आणि बाजाराने. आज टोमॅटो उपटला की आठवड्यात त्याच बेडवर काकडी किंवा फ्लॉवर लागतो. रान मोकळे राहतच नाही. खत हवे असते आजच्या आज. ट्रॉली येते ती गोठ्यावरून परस्पर, वरून काळी आणि आत हिरवी, ओली. शेतकऱ्याला ते कळत नाही असे नाही. त्याला थांबणे परवडत नाही.

त्याची किंमत तीन ठिकाणी मोजली जाते. पहिली, हुमणी. पहिल्या पावसात कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे जमिनीत अंडी घालतात. अर्धकच्चे शेण म्हणजे त्यांच्या अळ्यांचे बाळंतघर. आधी त्या शेण खातात, मग मुळे. पुष्कळदा अळ्या आणि अंडी खतातूनच रानात येतात, म्हणजे आपणच ट्रॉलीचे भाडे देऊन हुमणी घरी आणतो. दुसरी, तण. उकिरड्यात काय काय पडते याला हिशेब नाही. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलेले गाजरगवत आज कुठल्या बांधावर नाही? न तापलेल्या ढिगात त्याचे बी सुखरूप राहते आणि खुरपणीचा खर्च पुढच्या हंगामाच्या नावे पडतो.

तिसरी किंमत शेतकरी मोजत नाही, खाणारा मोजतो. भाजीपाला आणि ज्वारी यांत मोठा फरक हा, की ज्वारी आपण दळून, भाजून खातो. कोथिंबीर, मुळा, गाजर, कांद्याची पात, काकडी आपण कच्ची खातो. जनावरांच्या आतड्यात राहणारे ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे जंतू कच्च्या शेणातून पानावर येऊ शकतात. २००६ साली अमेरिकेत कच्च्या पालकातून ई. कोलायची साथ आली. सव्वीस राज्यांत दोनशेच्या आसपास माणसे आजारी पडली, तिघांचा मृत्यू झाला. तो जंतू शेजारच्या कुरणातल्या गुरांच्या आणि रानडुकरांच्या विष्ठेत सापडला. म्हणजे नुसता शेजारही धोक्याचा ठरू शकतो. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्च्या शेणाबद्दल स्पष्ट बंधन आहे. भाजीचा खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चे शेण आणि काढणी यांत किमान १२० दिवस हवेत, लागत नसेल तर ९० दिवस. आता आपली कोथिंबीर घ्या. बी टाकल्यापासून चाळीस-पंचेचाळीस दिवसांत जुडी बाजारात जाते. १२० दिवसांचा नियम तिला लावला तर अर्थ एकच निघतो, की कोथिंबिरीच्या वाफ्यात कच्च्या शेणाला जागाच नाही. नीट तापून निवलेल्या खताला मात्र ही अट लागत नाही. आईचा शब्द आणि अमेरिकेचा कायदा एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

पिकापिकाचाही स्वभाव असतो. गाजर-मुळ्याला लागवडीच्या तोंडावर ताजे शेण दिले तर मुळाला फाटे फुटतात आणि बाजारात ते कुणी घेत नाही. कांद्याला उशिरा नत्र मिळत राहिला तर मान जाड राहते, चाळीत कांदा टिकत नाही, कोंब फुटतात. म्हणून कांद्याच्या रानाला खत द्यायचे ते पूर्ण कुजलेले आणि लागवडीआधी. दोडका, भोपळा, कारले हे वेल मात्र खताला हावरे. आळ्यात टोपलीभर जास्त पडले तरी तक्रार करत नाहीत. खत रानात नेल्यावर ढिगाऱ्या करून महिनाभर उन्हात ठेवणे ही आपली आवडती चूक. सकाळी पसरावे आणि संध्याकाळपर्यंत कुळवाच्या पाळीने मातीत मिसळावे. उरलासुरला नत्र उन्हाला अर्पण करायचे काही कारण नाही. खत तयार झाले की नाही याची शंका असेल तर प्रयोगशाळा लांब असली तरी मेथीचे बी जवळ असते. डबाभर खतात मूठभर मेथी टाका. उगवण नीट झाली, पाने पिवळी पडली नाहीत, तर खुशाल रानात न्या.

इथे जीवामृताचा विषय निघतोच. विदर्भातल्या सुभाष पाळेकर यांनी सांगितलेली ही कृती. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. अन्नद्रव्यांच्या हिशेबाने पाहिले तर या सगळ्यात नत्र पाव किलोच्या आत भरतो. एकरभर टोमॅटोची भूक त्याने भागणार नाही. ते सूक्ष्मजीवांचे विरजण आहे, असे सांगणारे स्वतःच सांगतात. पण विरजणाला दूध लागते. जमिनीत सेंद्रिय पदार्थच नसेल तर विरजण कशाला लावणार? काही जण जीवामृत शिंपडून शेणखताला सुटी देतात, तिथे माझी हरकत आहे.

खरी अडचण वेगळी आहे. शेण आहे कुठे? मध्यम बांध्याचे जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते. वर्षाचे साडेतीन टन ओले शेण, कुजून निम्म्यावर येते. एकरी आठ टन खत हवे असेल तर एका एकरामागे चार-पाच जनावरे लागतात. ट्रॅक्टर आला आणि दावणीचे बैल गेले. देशात २०१९ च्या पशुगणनेत गायवर्ग १९ कोटींच्या वर मोजला गेला, पण जनावरे एकीकडे आणि भाजीची राने दुसरीकडे अशी वाटणी होत चालली आहे. मुंबईच्या तबेल्यांचे शेण नाल्यात जाते आणि तिथून शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या टोमॅटोवाल्याला शेणखत मिळत नाही. नेदरलँडसारख्या देशात उलटे दुखणे. तिथे जनावरे इतकी, की शेणाने भूजलात नायट्रेट वाढले आणि युरोपच्या १९९१ च्या निर्देशाने शेणखतातल्या नत्रावर हेक्टरी वर्षाला १७० किलोंची मर्यादा घातली. खतही अति झाले की विष होते, हे विसरू नये.

शेणाच्या या टंचाईवर आपल्याकडे जुना वाद आहे. इंग्रज अधिकारी म्हणत, हिंदी शेतकरी अडाणी, शेण जाळतो. १८८९ साली जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानची शेती पाहायला आले. १८९३ च्या अहवालात त्यांनी म्हटले, की शेतकरी शेण जाळतो ते लाकूड मिळत नाही म्हणून. गावोगाव सरपणाची राने राखा, शेण आपोआप शेतात जाईल. त्यांच्या आधी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. जंगलखात्याने गायराने बंद केली, म्हणून जनावरांची उपासमार होते आणि त्याचे हाल शेतकऱ्याच्या वाट्याला येतात, हे त्यांनी सरकारला ठणकावून सांगितले होते. खताचा प्रश्न हा चाऱ्याचा आणि सरपणाचा प्रश्न आहे, हे ओळखायला फुल्यांना कुणा कमिशनची गरज पडली नाही. आज गावात गॅस आला, गोवऱ्या थापणे कमी झाले. मग शेण शेतात जायला हवे होते. ते गेले नाही, कारण तोवर जनावरेच गेली. ज्यांच्याकडे दोन-चार जनावरे उरली आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार करावा. त्यात चूलही पेटते आणि बाहेर पडणारी मळी खत म्हणून हाती राहते.

शेवटचा मुद्दा मी राखून ठेवला होता. हे मधले चार-सहा महिने सांभाळते कोण?

शेणपाणी कुणाचे काम, हे सांगावे लागत नाही. पहाटे गोठा लोटणे, पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्यावर जाणे, ढिगावर पाणी मारणे, पाचट अंथरणे हे घरातल्या बाईचे काम. गाडी जुंपून खत रानात नेताना पुरुष दिसतो. त्या आधीचे दोनशे दिवस कुणाच्या नोंदीत नाहीत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ काढली, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर केला. त्यामागचा विचार हाच होता, की जिच्या हाताने जमीन पिकते तिचे नाव कागदावर असावे. शेणखत घालणारीचे नाव खरेदीखतावर यावे.

म्हणून मला सल्ला द्यायचा झाला तर एवढाच देईन. पुढच्या हंगामासाठी आज ढीग लावा, आजच्या हंगामासाठी ट्रॉली मागवू नका. अर्धा गुंठा जागा खतासाठी राखा, तिथे सावली करा, मूत्र वाया जाऊ देऊ नका. आणि घरी गेल्यावर सातबारा काढून पाहा, दोन्ही खते एकाच माणसाच्या हाती आहेत का.

आमच्या अडीच एकरांच्या खरेदीखतावर आजोबांचा अंगठा आहे. वारसनोंदीत वडील आले. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचे नाव लागले, तेव्हा तिच्या गुडघ्यांनी साथ सोडून दोन वर्षे झाली होती आणि गोठ्यात तिला जाववत नव्हते.